ही दंतकथा नव्हे

आमच्या आत्याच्या चकलीला आमच्या घराण्यात दागिन्याचा मान आहे. भाजणी तिने स्वतः भाजायची, मोहन तिने स्वतः घालायचे, आणि सोऱ्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही, असा तिचा शिरस्ता. चकली मोडली की आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला पाहिजे, ही तिची कसोटी. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या सकाळी बाहेर सगळी मंडळी फराळाला बसलेली असताना मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेलो, तर आत्या ओट्यापाशी पाठमोरी उभी. हातात चहाचा कप आणि कपात चकली! ती मऊ होण्याची वाट पाहत होती. माझी चाहूल लागताच तिने कप डब्याआड सारला.

"आत्या, हे काय करतेस?"

"काही नाही रे. दात जरा हलताहेत. अडुसष्टाव्या वर्षी हलायचे नाहीत तर काय नवे यायचेत?"

मग एकेक गोष्ट बाहेर पडली. दोन वर्षांपासून सकाळी ब्रश लावला की चूळ लाल येत होती. भाकरी तिने कधीच सोडली होती. पेरू सोडला, काकडीची कोशिंबीर सोडली, मोड आलेली मटकी सोडली. गुरगुट्या भात, खिचडी आणि चहात बुडवलेली बिस्किटे यांवर तिचे भागत होते. "मग बोलली का नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दुखत नव्हतं ना!"

दुखत नव्हते. हे दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत; त्यांच्याकडे मी पुन्हा येणारच आहे. पण आधी एक कबुली दिली पाहिजे. आत्याला बारा वर्षांचा मधुमेह. त्या वर्षभरात तिच्या गोळ्या दोनदा वाढवल्या होत्या, सकाळचे फिरणे चालू होते, चहातली साखर बंद होती, आणि तरीही रक्तातली साखर काही केल्या उतरत नव्हती. तेव्हा आम्ही घरातल्या शहाण्या माणसांनी काय निष्कर्ष काढावा? आत्या चोरून गोड खाते! लाडवाचा डबा मी स्वतः माळ्याजवळच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवला होता. तिने तो ठेवताना पाहिला आणि ती काहीच बोलली नाही.

भाऊबीज झाल्यावर तिला घेऊन नेहमीच्या दवाखान्यात गेलो. जुने डॉक्टर सुटीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिले, रक्तदाब पाहिला, पायांची बोटे पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, तोंड उघडा बघू." बारा वर्षांत मधुमेहासाठी आत्याला तोंड उघडायला कोणी सांगितलेच नव्हते. बाईंनी बॅटरीच्या उजेडात आत डोकावले आणि कागदावर औषध लिहिण्याऐवजी लिहिले ते हे, की आधी दंतवैद्याकडे जा.

परतताना रिक्षात आत्या मला म्हणाली, "अरे, दाताचा आणि साखरेचा काय संबंध?"

मला उत्तर देता आले नाही. मी मराठीचा अध्यापक. दातांशी माझा व्यवसायाचा संबंध त, थ, द, ध, न या दंत्य वर्णांपुरता. फार तर दातओठ खाणाऱ्या, दाताच्या कण्या करणाऱ्या आणि दात कोरून पोट भरू पाहणाऱ्या वाक्प्रचारांपुरता. पण त्या प्रश्नाने मला वर्षभर वाचायला लावले. गंमत अशी की हीच आत्या, पंधरा वर्षांपूर्वी वरची दाढ काढायची वेळ आली तेव्हा, "वरची दाढ काढली की डोळे जातात" म्हणून अडून बसली होती. दात आणि डोळा यांचे नाते आपल्याकडे घरोघर मान्य आहे. वास्तविक ते मुळीच नाही. दाढेला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची शाखा वेगळी, आणि डोळ्याला दृष्टी देणारा मज्जातंतू सर्वस्वी निराळा. जे नाते नाही त्यावर आपली श्रद्धा आणि जे आहे त्याची आपल्याला वार्ताही नाही, अशी ही मौज आहे.

आता जे नाते आहे ते पाहू. दात ही शरीरातली एक चमत्कारिक चीज आहे. हाडे कातडीच्या आत असतात, नखे कातडीवर उगवतात. दात मात्र आत जबड्याच्या हाडात रुतलेला आणि बाहेर उघड्या तोंडात आलेला. देहाला जे अखंड आवरण लाभले आहे ते दातांच्या ठिकाणी, म्हणजे बत्तीस जागी, भेदले गेले आहे. खिडकीला काच बसवताना कडेने लांबी भरतात, तशी दाताभोवती हिरडी घट्ट बसलेली असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक बारीक खाच असते, बस्स. तीच सगळ्या कथेची रंगभूमी.

तोंडात जंतू असतातच. त्यांच्या ७०० हून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत आणि बहुतेक बिचाऱ्या निरुपद्रवी आहेत. दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांचा एक चिकट, पातळ थर दातांवर पुन्हा चढू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला, तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचे किटण होते. किटण ब्रशाने निघत नाही. ते हिरडीच्या खाली उतरत जाते. हिरडी सुजते, लांबी सुटावी तशी दातापासून सुटते, आणि खाचेची पिशवी होते, चार, सहा, आठ मिलिमीटर खोल. त्या पिशवीत जंतू आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्या पेशी यांचे युद्ध वर्षानुवर्षे चालते, आणि त्या युद्धात खालचे हाड हळूहळू विरघळते. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो हा. पायोरियाने दात पडतो तो किडून पडत नाही. तो धडधाकट असतो. त्याच्या पायाखालची जमीन खचलेली असते.

आणि हे सारे, आत्या म्हणाली तसे, दुखत नाही. किडलेली दाढ रात्री दोन वाजता उठवून बसवते, लवंगेचे तेल शोधायला लावते. हिरडी बिचारी मुकाट्याने रक्त गाळते. पायोरिया जडलेल्या माणसाच्या सगळ्या हिरड्यांतील सुजलेला भाग एकत्र मोजला तर किती भरेल, याचा हिशेब २००१ साली काही संशोधकांनी मांडला होता. तो आला ८ ते २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे मोठा असला तर काडेपेटीच्या तोंडावळ्याएवढा. एवढी वाहती जखम हातावर असती तर आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडात असते म्हणून ओठ मिटून घेतले की झाले.

या जंतूंना पहिल्यांदा पाहिले ते एका कापडाच्या व्यापाऱ्याने. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी वान लेव्हेनहूक हा हौसेने भिंगे घासायचा. १६८३ साली त्याने स्वतःच्याच दातांच्या फटीतला कणकेसारखा पांढरा पदार्थ काढून भिंगाखाली धरला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की त्यात चिमुकले जीव मोठ्या चपळाईने वळवळत आहेत. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासणारा होता; तरी ही अवस्था! मग त्याने, ज्याने जन्मात कधी दात घासले नव्हते असा एक म्हातारा गाठून त्याच्याही दातांचा मळ तपासला. तिथे काय बाजार भरला होता हे सांगायला नको.

पण हे जीव हिरडीच्या रोगाचे कारण आहेत की रोगट हिरडीवर नुसते बसायला येतात, हा वाद पुढे पावणेतीनशे वर्षे मिटला नव्हता. तो मिटवला तो १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस येथे झालेल्या एका साध्या प्रयोगाने. हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची १२ माणसे घेतली, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, आणि त्यांना सांगितले की आजपासून दात घासणे बंद. १० ते २१ दिवसांत झाडून साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावले, तो आठवडाभरात पूर्ववत झाल्या. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात यंत्र नाही, औषध नाही; आणि त्यातून दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. रोग यायला तीन आठवडे पुरतात आणि सुरुवातीच्या अवस्थेत परतायला एकच आठवडा पुरतो. हाड विरघळू लागल्यावर मात्र ते परत येत नाही. तेव्हा हिरडीतून रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रश न लावणारे जे सज्जन आहेत, ते आगीचा बंब आगीपासून दूर उभा करतात.

याच ल्यो यांनी १९९३ साली आणखी एक गोष्ट मांडली. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडतो, मूत्रपिंड बिघडते, मज्जातंतू बधिर होतात, रक्तवाहिन्या कठीण होतात, जखमा भरत नाहीत, हे पाच उपद्रव सर्वांना ठाऊक होते. हिरड्यांचा रोग हा सहावा, असे त्यांनी म्हटले. साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम रेंगाळते. त्यामुळे मधुमेही माणसाला हिरड्यांचा गंभीर रोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. इथवर आपल्याला पटते. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र उलट दिशेने येते. हिरड्यांतली ती काडेपेटीएवढी जखम रात्रंदिवस दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात सोडत असते, आणि ही द्रव्ये इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. म्हणजे साखर हिरडी बिघडवते आणि हिरडी साखर बिघडवते. दोघी जावांनी एकमेकींच्या तक्रारी सासूकडे कराव्यात आणि घर बुडावे, तसला हा प्रकार आहे.

मग हिरड्या दुरुस्त केल्या तर साखर उतरते काय? उतरते, पण जादूने उतरावी तशी नाही. या विषयावरच्या ३५ चाचण्या आणि त्यांतले तीन हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र पडताळा कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केला. हिरड्यांखालची साफसफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागल्या तीन महिन्यांच्या साखरेचा जो हिशेब रक्तात उतरतो तो, सरासरी ०.४३ टक्क्याने खाली आलेला आढळला. आकडा लहान दिसतो. पण नऊचा साडेआठ करण्यासाठी माणसे किती गोळ्या आणि किती मैल खर्च करतात हे ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना विचारावे. आणि अशी घरे थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख निघाली.

शिवाय एक साधा मुद्दा आहे, जो समजायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्याला चावता येत नाही तो काय खातो? भाकरी, कोशिंबीर, उसळ, शेंगदाणे हे पदार्थ ताटातून एकेक करून उठून जातात आणि त्यांची जागा मऊ भात, पाव नि बिस्किटे घेतात. मधुमेह्याला जे खा म्हणतात ते चावावे लागते आणि जे खाऊ नका म्हणतात ते विरघळते! आत्या चोरून लाडू खात नव्हती. ती उघडपणे, आमच्या डोळ्यांसमोर, गुरगुट्या भात खात होती.

हृदयाची गोष्ट जरा जपून सांगितली पाहिजे, कारण तिथे एकदा मोठी फसगत झालेली आहे.

लंडनचे एक वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० साली मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्याख्यान दिले. अमेरिकेत तेव्हा सडक्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवण्याची श्रीमंती चाल होती. सोन्याखाली पू साठतो आणि त्यातून साऱ्या देहात विष पसरते, असा त्यांनी हल्ला चढवला. मुद्द्यात तथ्य होते. पण तथ्याला एकदा पाय फुटले की ते कुठवर धावेल याचा नेम नसतो. संधिवात असो, अपचन असो, थकवा असो, काढा दात, असा अमेरिकेत सपाटा सुरू झाला. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या वेड्यांच्या रुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेडाचे मूळही दातात आहे असे ठरवले. रुग्णांचे दात काढले; वेड गेले नाही तेव्हा टॉन्सिल काढल्या; तरी गेले नाही तेव्हा आतडी कापली. माणसे मेली. स्वतःच्या मुलांचे दातही त्याने काढवले होते, म्हणजे तो लबाड नव्हता, श्रद्धाळू होता. आणि ते अधिक भयंकर. हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की दात गेले, दुखणी तशीच आहेत. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दाताचा आणि देहाचा काही संबंधच नाही, अशी समजूत रूढ झाली. दंतवैद्यकाची पहिली स्वतंत्र शाळा १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला निघाली होती, आपल्याकडे १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिले दंतमहाविद्यालय काढले; विद्या वाढली, पण डॉक्टर आणि दंतवैद्य ही दोन वेगळी घराणी झाली. माझ्या आत्याचे तोंड बारा वर्षे कोणी उघडले नाही याचे मूळ या जुन्या वाटणीत आहे असे मला वाटते.

१९८९ साली फिनलंडमधल्या काही डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेले १०० रुग्ण आणि तुलनेसाठी १०२ इतर माणसे तपासली. झटका आलेल्यांची तोंडे अधिक वाईट स्थितीत होती. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल हे सगळे जमेस धरूनही फरक उरला. तेव्हापासून अशी अनेक निरीक्षणे झाली. रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरात तोंडातल्या जंतूंच्या खुणाही सापडल्या. म्हणून हिरड्या साफ करा आणि झटका टाळा, असे म्हणावे काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळा पुरावा तपासून सांगितले की दोन्ही रोग एकत्र आढळतात हे खरे, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. गर्भवतींच्या बाबतीतही असेच घडले. हिरड्यांचा रोग आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे यांचा संबंध दिसत होता. पण २००६ साली आठशेहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केले तर ते सुरक्षित असतात, हिरड्या सुधारतात, पण अकाली बाळंतपणे कमी होत नाहीत, असे दिसले. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास देतो.

एका हृद्रोगाबद्दल मात्र शंका नाही. लहानपणच्या संधिवाती तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत, किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू उतरले तर ते त्या झडपेवर घर करू शकतात. चावताना, दात घासताना थोडे जंतू सगळ्यांच्याच रक्तात जातात आणि शरीर त्यांचा थोड्याच वेळात निकाल लावते. पण खडबडीत झडप त्यांना आसरा देते. हा आजार जीवघेणा आहे. कृत्रिम झडप असलेल्यांना दाढ काढण्यापूर्वी प्रतिजैविक देतात ते यासाठी. घरात असे कोणी असेल तर दंतवैद्याला ते न विचारता सांगावे. आपण दातासाठी गेलो आहोत, हृदयाचे कशाला काढा, अशी भीड धरू नये.

आणि एक पुरावा असा आहे की जो वाचून मला माझ्या आजोबांचे शेवटचे वर्ष आठवले. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक पाहणी झाली. १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. काही वृद्धांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर परिचारिकांनी साफ करायचे, बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे चालू द्यायचे. नेहमीप्रमाणे चाललेल्यांपैकी १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. ज्यांचे तोंड निगुतीने साफ केले त्यांच्यात ११ टक्क्यांना. कारण उघड आहे. म्हाताऱ्या माणसाला झोपेत ठसका लागतो, लाळ थोडीशी श्वासनलिकेत उतरते, आणि तिच्याबरोबर तोंडात जे काही असेल ते फुफ्फुसात जाते. जपानमध्येच पंच्याऐंशीच्या पुढच्या वृद्धांवरची दुसरी एक पाहणी २०१५ साली आली. रात्री कवळी तशीच ठेवून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. आमच्या आजोबांना आम्ही रोज अंग पुसून देत होतो, पाठीला पावडर लावत होतो, अंथरुणावर सुरकुती राहू देत नव्हतो. तोंडात मात्र सकाळी एकदा पाणी. त्यांची कवळी रात्री कधी निघत नसे, कारण पाहुणे कधी येतील याचा नेम नसतो असे ते म्हणत. ते न्यूमोनियानेच गेले. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

आपल्या पूर्वजांनी तोंडाकडे दुर्लक्ष केले असे मात्र कोणी म्हणू नये. सुश्रुतसंहितेत मुखरोग मोजले आहेत ते ६५. दात घासायची काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड. कडू झाडांत निंब श्रेष्ठ, तुरट झाडांत खैर, तिखटात करंज, असा तपशीलवार विचार तिथे आहे. त्या काडीची पुढे राखुंडी झाली, राखुंडीचे दंतमंजन झाले आणि कित्येक घरांत दुर्दैवाने मिसरी झाली. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात साफ करते असे वाटते, कारण हिरडी बधिर होते. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते हेही खरे. पण ते निकोटिनने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. आत हाड विरघळतच असते, फक्त धोक्याचा कंदील विझवलेला असतो.

भाषेचा माणूस म्हणून इथे एका शब्दाविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. जेवणानंतर आपण पाहुण्यापुढे तबक धरतो आणि त्यातल्या सुपारीला 'मुखशुद्धी' म्हणतो. किती गोड शब्द! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीचा, नुसत्या सुपारीचा, तंबाखू न घातलेल्या सुपारीचा समावेश कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला. म्हणजे तोंड ज्याने बिघडते त्यालाच आपण शुद्धी म्हणून चांदीच्या तबकात बसवले आहे. नरकचतुर्दशीला पहाटे उठून नखशिखांत तेल-उटणे लावायचे, आणि दात मात्र पाणी निवेल म्हणून अर्ध्या मिनिटात उरकायचे, हाही आपलाच संप्रदाय.

असो. आत्याकडे वळू. दंतवैद्यांनी तिची पाच दातांबद्दलची आशा सोडायला सांगितली. त्यांतल्या दोन वरच्या दाढा. बाकीच्यांखालचे किटण दोन बैठकांत काढले. किटण निघाल्यावर दातांमध्ये फटी दिसू लागल्या तेव्हा आत्या माझ्यावर उखडली. "सांगत नव्हते? दात साफ केले की खिळखिळे होतात!" हा समज फार घरांत आहे. दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "आजी, फट आधीच होती. तिच्यात दगड भरला होता, तो काढला." वरच्या दाढा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभी राहून, एकदा डावा डोळा झाकून आणि एकदा उजवा झाकून, एकादशीच्या खालची बारीक अक्षरे वाचत होती. डोळे शाबूत निघाले.

मग तिला मऊ ब्रश आला, दातांच्या फटीत घालायचा तो बाटली धुण्याच्या ब्रशाच्या नातवासारखा इवलासा ब्रश आला, रात्रीचे दात घासणे आले. पहिल्या आठवड्यात रक्त आले, ते तिने धीराने सोसले. तिसऱ्या आठवड्यात थांबले. गेलेल्या दातांच्या जागी काढता-घालता येणारे दात बसले. उन्हाळ्यात एक दिवस ती भाकरी खाताना दिसली. साखरेचा हिशेब नऊच्या वर असायचा तो चैत्रात साडेआठाच्या खाली आला, गोळ्या न वाढवता. यातले किती श्रेय हिरड्यांचे आणि किती भाकरी-कोशिंबिरीचे, हे तिच्या डॉक्टरांनाही वेगळे काढून सांगता आले नाही. दर तीन महिन्यांनी दंतवैद्याकडे जायचे आहे. ती कुरकुरत जाते, पण जाते, आणि तिथे बसलेल्या इतर म्हाताऱ्यांना साखर किती म्हणून विचारते.

या दिवाळीची भाजणी परवा भाजून झाली. चकलीचा पहिला घाणा निघाला तसा तिने एक तुकडा डावीकडच्या दाढेखाली धरून मोडला. मी बाहेरच्या खोलीत होतो, आवाज आला. लाडूही वळून झाले होते. वर्षभर मनात डाचत होते ते आज उरकावे म्हणून मी स्टूल घेतले, फळीवरचा तो डबा खाली काढला, पुसला आणि लाडू भरून तिच्या हातापाशी ओट्यावर ठेवला. माफी मागावी की काय, शब्द जुळवत होतो.

तिने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सोऱ्यात पीठ भरत म्हणाली, "वरच ठेव रे तो. मुलं पाडव्याच्या आत संपवतील."